फुजी पर्वतावरची फुली

या शहरात गुन्हे कमी होतात याचं कारण आपण इथे राहतो, असं दाजींचं प्रामाणिक मत होतं. पोलिसांचं मत काय होतं ते कळायला मार्ग नव्हता, कारण पोलिसांनी दाजींचं नाव ऐकलेलं नव्हतं. ही उणीव भरून काढायला दाजींनी कार्डं छापून घेतली होती. त्यावर स्वतःच्या हाताने लिहिलेला, स्वतःच तपासलेला मजकूर असा: 'गुप्तहेर, सत्यशोधक, मनोविश्लेषक आणि सुरक्षा-सल्लागार. गरुडाची नजर, बर्फाचं डोकं, पोलादी मज्जातंतू. गुन्हेगार ज्यांच्या नावाने चळाचळा कापतात ते.' मजकूर एवढा ऐसपैस झाला की फोन नंबरला जागाच उरली नाही. तो नंबर टिपणीस प्रत्येक कार्डावर पेनाने लिहीत बसे.

टिपणीस हे त्याचं आडनाव नव्हे. तो दाजींच्या बायकोचा धाकटा भाऊ, वय वर्षं बेचाळीस. छापखाना बंद पडून तो घरी बसला तेव्हा ताई त्याला म्हणाली होती, "दुसरी नोकरी मिळेपर्यंत ह्यांच्याबरोबर जात जा. कोणीतरी ह्यांच्यावर लक्ष ठेवायला हवं." त्या गोष्टीला तीन वर्षं होऊन गेली. अक्षर चांगलं म्हणून टिपणं काढायचं काम त्याच्याकडे आलं, आणि दाजींनी त्याचं बारसं नव्याने केलं. सोडून जायचा विचार त्याच्या मनात रोज यायचा. पण ताईला काय सांगायचं हे सुचायचं नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा पिशवी घेऊन हजर व्हायचा.

कचेरी म्हणजे घराची काचा लावून बंद केलेली गॅलरी. तिथे दाजींची खुर्ची, टिपणीसचं स्टूल आणि कपडे धुवायचं मशीन एवढं मावत होतं. मशीन पिळायला लागलं की कोणाचंच बोलणं ऐकू येत नसे. तेवढा वेळ दाजी डोळे मिटून बसत आणि आलेल्या माणसाला वाटे, केवढा खोल विचार चाललाय.

सोमवारी सकाळी फोन आला तेव्हा मशीन नेमकं बंद होतं. फोन डॉक्टरांचा होता. डॉक्टर म्हणजे दातांचे. दवाखाना बंद करून त्यांना पाच वर्षं झाली होती आणि आता त्यांचा सगळा जीव जपानी चांदीच्या नाण्यांत अडकला होता.

"माझी नाणी चोरीला गेली," डॉक्टर म्हणाले.

"कुठून?"

"तेच कळत नाही. ती इथेच माझ्यासमोर टेबलावर आहेत."

दाजींनी फोनवर हात ठेवला आणि टिपणीसकडे वळून कुजबुजले, "लिही. असं प्रकरण शंभर वर्षांत एकदा येतं."

टिपणीसने लिहिलं. मागच्या महिन्यात शेजाऱ्यांचं मांजर हरवलं होतं तेव्हाही त्याने हेच लिहिलं होतं. ते मांजर तिसऱ्या दिवशी आपलं आपण घरी आलं आणि दाजींनी त्याचा जबाब घ्यायचा प्रयत्न केला होता.

स्कूटरवर दाजी पुढे, टिपणीस पिशवी घेऊन मागे, अशी ही यंत्रणा पंधरा मिनिटांत डॉक्टरांच्या घरी पोचली. दार उघडलं ते मावशींनी. मावशी या घरात एकोणीस वर्षं स्वयंपाक करत होत्या आणि घराची एक किल्ली कायम त्यांच्या कमरेला असे. "या," त्या म्हणाल्या, "साहेब सकाळपासून चहासुद्धा प्यायले नाहीत. जरा सांगा त्यांना."

डॉक्टरांच्या अभ्यासिकेत खिडकीपाशी दवाखान्यातली जुनी खुर्ची ठेवलेली होती, दिव्यासकट. दाजींनी ती पाहिली आणि क्षणाचाही विलंब न लावता तिच्यावर आडवे झाले. डॉक्टरांनी सवयीने त्यांच्या दातांकडे एक नजर टाकली, सुस्कारा सोडला आणि सांगायला सुरुवात केली.

नाणी अकरा. सगळी कुठल्या ना कुठल्या सोहळ्यासाठी काढलेली, सगळी चांदीची. डॉक्टरांनी ती अठरा वर्षांत एकेक करून जमवलेली. त्यांतलं लाडकं म्हणजे १९६४च्या ऑलिंपिकचं हजार येनचं नाणं. त्यावर फुजी पर्वत आणि चेरीची फुलं. येत्या रविवारी नाणेसंग्राहक मंडळाचं प्रदर्शन होतं आणि या खेपेला मधलं टेबल सभासदांच्या मतदानाने पहिल्यांदाच डॉक्टरांना मिळालं होतं. आजवर ते दर वर्षी चष्मेवाल्याला मिळायचं. तो मंडळाचा अध्यक्ष होता, आणि कोणाला कुठलं टेबल द्यायचं हे आजवर अध्यक्षच ठरवत असे.

"आठ महिने मी मुलीकडे परदेशी होतो," डॉक्टर म्हणाले. "जाण्याआधी तुमचा सुरक्षा-सल्ला घेतला होता, आठवतं ना? बारा कलमी योजना. सगळी कलमं पाळली. तुमच्या सांगण्याप्रमाणे नाणी प्लास्टिकच्या डब्यांतून काढली, कारण त्यांत ती खुळखुळतात. पातळ कागदात गुंडाळली, बांधली, पत्र्याच्या डब्यात घातली आणि डबा स्वयंपाकघरात पिठाच्या मागे ठेवला. चोर पिठाच्या मागे बघत नाही, असं तुम्ही म्हणाला होता."

"अद्याप एकाही चोराने बघितलेलं नाही," दाजी अभिमानाने म्हणाले.

"काल रात्री परत आलो. आज सकाळी पहिली पुडी सोडली. आणि हे पाहा."

स्टीलच्या तबकात फुजी पर्वत पडला होता. डॉक्टरांच्या आठवणीतलं ते नाणं आरशासारखं होतं. हे मात्र तपकिरी, कळकट. आणि त्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत, आडवी आणि उभी, एक काळीकुट्ट फुली.

दाजी खुर्चीतून उठायला गेले. खुर्ची आणखी मागे कलली. टिपणीसने त्यांना हात देऊन उभं केलं. मग त्यांनी उरलेल्या दहा पुड्या स्वतः सोडल्या. प्रत्येक पुडीवर आडवं एक आणि उभं एक अशी दोन रबरं होती. फुकटची वस्तू दाजी कधी सोडत नसत. पहिल्या पुडीची दोन धरून बावीसच्या बावीस रबरं त्यांनी एकेक करून डाव्या मनगटावर चढवली. त्या मनगटावर ताईने लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला दिलेलं चांदीचं कडं होतं, ते पार झाकून गेलं.

अकराही नाण्यांवर तीच फुली होती.

"कडेला धरा!" डॉक्टर कळवळले. "नाणं कडेला धरतात!"

दाजींनी फुजी पर्वतावर अंगठा दाबून नाणं उजेडात धरलं. "डॉक्टर, ही तुमची नाणी नव्हेत."

"मी काय म्हणतोय सकाळपासून?"

"ही बनावट नाणी आहेत. खरी पळवून त्यांच्या जागी ही ठेवलीत. आणि ही फुली म्हणजे खूण. आंतरराष्ट्रीय नाणेचोर टोळीची." असं म्हणून ते दुसऱ्या नाण्याकडे वळले. त्यावर बर्फावरची हॉकी होती. डॉक्टरांनी कडेजवळचे आकडे दाखवून सांगितलं, की हे साल नऊ. दाजींनी टिपणीसकडे विजयी मुद्रेने पाहिलं. "लिही. साल नऊ. दोन हजार वर्षांपूर्वीचं नाणं. तेव्हा हॉकी तरी होती का? बनावट असल्याचा आणखी पुरावा."

"ते सम्राटाच्या कारकिर्दीचं नववं वर्ष आहे," डॉक्टर थकलेल्या आवाजात म्हणाले. "नाणं १९९७चं आहे."

"हो का? मग सम्राटही टोळीत आहे की काय ते तपासावं लागेल."

मग शास्त्रीय चाचण्या झाल्या. लोहचुंबक लावला, नाणी चिकटली नाहीत. मावशींच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर फुजी पर्वत ठेवला, बरोबर वीस ग्रॅम भरला. जेवढा असायला हवा तेवढाच. बोटावर तोलून टिचकी मारली, तर नाणं असं स्वच्छ वाजलं की डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"म्हणजे चांदी खरी आहे," टिपणीस म्हणाला.

"तिथेच तर त्यांची हुशारी!" दाजी म्हणाले. "खोटी नाणी खऱ्या चांदीची बनवलीत, म्हणजे कोणाला संशय येणार नाही."

"पण दाजी, खऱ्या चांदीची, तेवढ्याच वजनाची, तशीच्या तशी नाणी बनवून त्यांना फायदा काय?"

"तुझा छापखाना का बंद पडला ते आता माझ्या लक्षात येतंय," दाजी म्हणाले.

खरं तर नाणं काळं पडलं असेल, ही साधी गोष्ट डॉक्टरांच्या मनात यायला हरकत नव्हती. पण अठरा वर्षं हवाबंद डब्यांत जपलेल्या नाण्याला डाग पडू शकतो, हे मानायला त्यांचं मन तयार नव्हतं. काळी पडतात ती दुसऱ्यांची नाणी. त्यापेक्षा टोळी परवडली.

बुधवारी दाजींनी चष्मेवाल्याला गाठलं. हेतू उघड होता, मधलं टेबल गेल्याचा सूड. दाजी गिऱ्हाईक बनून दुकानात शिरले. चष्मेवाल्याने त्यांना उंच स्टुलावर बसवलं, डोळ्यांवर लोखंडी चौकट चढवली आणि समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगितली. गरुडाच्या नजरेने पहिली ओळ वाचली, दुसरी चाचपडली आणि तिसरी ओळ आहे हे मान्य करायलाच नकार दिला.

"किती वर्षं झाली डोळे तपासून?" चष्मेवाल्याने विचारलं.

"प्रश्न मी विचारतो," दाजी चौकटीतून गरजले, "तुम्ही डॉक्टरांच्या नाण्यांचं काय केलंत?" हे ते भिंतीवरच्या कोटाला विचारत होते.

टिपणीसने ओशाळून खिशातून, डॉक्टरांकडून पुरावा म्हणून मागून आणलेलं, हॉकीचं नाणं काढून दाखवलं. चष्मेवाल्याने भिंग लावून ते दोन्ही बाजूंनी नीट पाहिलं, अर्थात कडेला धरून. "अरेरे," तो म्हणाला, आणि त्या अरेरेमध्ये टिपणीसला तरी खोट दिसली नाही. "नाणं खरं आहे. चांदी काळवंडलीय. पण अशी फुलीच्या आकाराची? कशाने बरं झालं असेल?" एवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं आणि तो प्रश्न काउंटरवरच राहिला. दाजी जाड काचांच्या नव्या चष्म्याची ऑर्डर देऊन बाहेर पडले आणि स्कूटर सुरू करताना म्हणाले, "नाणं खरं असल्याचं त्याने कबूल केलं. म्हणजे चोरी नाही, नासधूस! आता फक्त हात कोणाचा ते शोधायचं."

पुढचे दोन दिवस दाजींनी विचार केला. मशीनही बरंच चाललं. गुरुवारी त्यांनी मनगटावरचं एक रबर काढून वहीला लावायचा विचार केला आणि सोडून दिला, कारण बावीसचा पूर्ण संच त्यांना आवडायला लागला होता. शुक्रवारी कड्याची कडा जराशी काळपट दिसली, ती टिपणीसच्या नजरेला पडली. स्कूटरचं ग्रीस असेल, असं म्हणून त्याने ती गोष्ट टिपली नाही.

शनिवारी सकाळी डॉक्टरांच्या अभ्यासिकेत सगळ्यांना जमवण्यात आलं. डॉक्टर होते, प्रदर्शनाच्या यादीसाठी आलेला चष्मेवाला होता, आणि दारात पदराला हात पुसत मावशी उभ्या होत्या. दाजींनी मावशींना दातांच्या खुर्चीत बसवलं आणि वरचा दिवा लावला.

"आठ महिने घर बंद," ते येरझारा घालत म्हणाले. "किल्ली कोणाकडे? मावशींकडे. डबा कुठे? स्वयंपाकघरात. स्वयंपाकघर कोणाचं? मावशींचं. फुली कशी पडली? तापलेल्या चिमट्याने! एकदा आडवा, एकदा उभा!"

"मी आठवड्यातून दोनदा झाडांना पाणी घालायला यायचे," मावशी म्हणाल्या. "त्या डब्यात नाणी आहेत हेही मला ठाऊक नव्हतं. बिस्किटं असतील म्हणून हात लावला नाही. आणि मी कशाला डाग देत बसू?"

"हेव्यापोटी!"

"कोणाच्या?"

"नाण्यांच्या! एकोणीस वर्षं तुम्ही स्वयंपाक करताय आणि डॉक्टर जेवताना कौतुक कोणाचं करतात? जपानच्या टांकसाळीचं!"

चष्मेवाल्याला ठसका लागला. मावशींनी डॉक्टरांकडे पाहिलं. ते हसतील, निदान 'काहीतरीच काय' म्हणतील, अशी त्यांची अपेक्षा असावी. डॉक्टर तबकाकडे पाहत होते. उद्या प्रदर्शन होतं, पाच रात्री झोप नव्हती, आणि जीव लावलेली वस्तू बिघडली की माणसाला दोष द्यायला कोणीतरी लागतंच.

"मावशी," ते मान वर न करता म्हणाले, "मी पोलिसांत वगैरे जाणार नाही. पण उद्यापासून... किल्ली ठेवून जा."

हे चुकतंय, एवढं टिपणीसला समजत होतं. बरोबर काय ते सांगता येत नव्हतं. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली. तीन वर्षं त्याने दाजींचं प्रत्येक वाक्य सुंदर अक्षरात लिहून घेतलं होतं, आणि त्याचा शेवट हा होता.

मावशी खुर्चीतून उतरल्या. त्यांनी कमरेची किल्ली सोडली. "काम जाईल, दुसरं मिळेल," त्या म्हणाल्या. "पण हा आळ डोक्यावर घेऊन इथून गेले, तर पुढे कोण आपल्या घराची किल्ली माझ्या हातात देईल? तेवढा तरी विचार करायचा होता, साहेब."

"पुरावा माझ्याकडे द्या," म्हणत दाजींनी डावा हात पुढे केला. बाही वर सरकली. मावशी किल्ली त्यांच्या हातावर ठेवणार, तोच थांबल्या. किल्ली टेबलावर ठेवून त्यांनी दाजींचा हात मनगटापाशी धरला आणि सरळ दिव्याखाली ओढला.

"हे कडं कशाचं आहे?"

"चांदीचं. शुद्ध. बायकोने दिलंय."

"आणि ही रबरं कधीपासून घालून फिरताय?"

"सोमवारपासून. त्याचा इथे काय संबंध?"

मावशींनी एका हाताने बावीस रबरं कोपराकडे सरकवली. खाली ताईचं कडं होतं. सोमवारी ते लखलखत होतं. आता त्यावर काळे पट्टे उठले होते, रबराच्या रुंदीचे, एकाला लागून एक.

"मग साहेब," मावशी म्हणाल्या, "तुमच्या कड्याला कोणत्या टोळीने डाग दिले? की मी येऊन चिमटा लावला?"

दाजींनी कड्याकडे पाहिलं. पोलादी मज्जातंतूंनी काहीच हालचाल केली नाही.

"चांदीला रबर लावत नाहीत," मावशी डॉक्टरांकडे वळल्या. "तुमच्या घरातले चांदीचे चमचे एकोणीस वर्षं मी फडक्यात बांधते. तुमची लेक लहान होती तेव्हा एकदा तिने रबर लावून ठेवलं होतं, तर चमच्यांच्या दांड्या काळ्या पडल्या. राख लावून घासत बसले होते मी दोन दिवस."

"रबरात गंधक असतं!" चष्मेवाला कपाळावर हात मारत ओरडला. "चांदीचं आणि गंधकाचं हाडवैर! मला दुकानातच सुचायला हवं होतं."

"पण मध्ये कागद होता," दाजींनी क्षीण हरकत घेतली.

"कागदाने वास अडतो का?" मावशींनी विचारलं. "तोही पातळ. वर पत्र्याचा बंद डबा. आठ महिने."

डॉक्टर हळूहळू उठले. त्यांनी एक रबर मागून घेतलं, फुजी पर्वतावर धरलं. बरोब्बर बसलं. "आडवं एक, उभं एक," ते पुटपुटले. "मी स्वतः बांधली. अकराच्या अकरा. पण रबर लावायला मला सांगितलं कोणी?"

दाजी छताकडे पाहू लागले. टिपणीसने पिशवीतून जुनी वही काढली, पानं उलटली आणि घसा साफ केला. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्याने लिहिलेलं कोणाला तरी वाचून दाखवलं.

"बारा कलमी सुरक्षा योजना. कलम सात. प्रत्येक पुडीस एक आडवे व एक उभे अशी दोन रबरे घट्ट लावावीत, जेणेकरून नाणे आतल्या आत हलणार नाही. सूचना दाजींची. अक्षर माझं. मावशी, मलाही माफ करा."

दाजींनी छतावरची नजर काढली. "मी हेच सिद्ध करत आणलं होतं," ते म्हणाले. "म्हणून तर प्रयोग म्हणून सोमवारपासून रबरं स्वतःच्या अंगावर वागवली." पण त्यांच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

डॉक्टरांनी किल्ली उचलून मावशींपुढे धरली. त्यांचे डोळे भरून आले होते. "मावशी, चुकलो मी. फार मोठी चूक झाली. ही घ्या."

मावशींनी हात मागे घेतला. "इथे नको. किल्ली काढून घेतलीत ती ह्या अध्यक्षसाहेबांसमोर घेतलीत. उद्या प्रदर्शनाला तुमच्या ओळखीची सगळी माणसं येतील ना? तिथे द्या. मी येते."

रविवारी सभागृहात मधल्या टेबलावर अकरा नाणी मांडली होती, काळ्या फुल्यांसकट. चांदीची नाणी घासायची नसतात, घासली की त्यांचं तेज कायमचं जातं, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्यामुळे येणारा प्रत्येक जण टेबलापाशी थांबून हळहळत होता आणि मग शेजारी ठेवलेला कागद वाचत होता. तो टिपणीसच्या अक्षरात होता: 'चांदीच्या नाण्यांना रबर लावू नये. कारण शोधून काढलं ते आमच्या मावशींनी.'

अकरा वाजता डॉक्टरांनी भरल्या सभागृहात माइक हातात घेतला. आपण एका प्रामाणिक बाईवर आळ घेतला, तो खोटा होता, असं ते अडखळत पण स्पष्ट म्हणाले, आणि सगळ्यांसमोर किल्ली मावशींच्या हातात दिली. टाळ्या वाजल्या. मावशींनी किल्ली कमरेला लावली आणि मग सावकाश टेबलापाशी जाऊन पहिल्यांदाच ती नाणी नीट पाहिली.

"हा डोंगर छान आहे," त्या म्हणाल्या. "आणि फुलंही." त्यांनी फुजी पर्वत उचलून पाहिला. त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, तरी त्यांनी तो कडेला धरला होता.

टिपणीसने वहीत शेवटची नोंद केली. दाजींनी नव्या चष्म्यातून ती वाचायचा प्रयत्न केला, पण टिपणीसने वही मिटून पिशवीत टाकली. नोंद अशी होती: 'प्रकरण संपले. गुन्हेगार सापडला. त्याच्याच स्कूटरवर मागे बसून घरी निघालो आहे. कड्याचं काय झालं ते ताईला तोच सांगेल.'